स्मार्टकेन: कपाळाचा विमा

मी बँकेत टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दिसत नाही. पांढरी काठी घेऊन पंचवीस वर्षं पुण्याच्या पेठांतून हिंडतेय. काठी खड्डा सांगते, पायरी सांगते, वाटेत झोपलेलं कुत्रंसुद्धा सांगते. सांगत नाही तो फुटपाथकडे पाठ करून लावलेल्या टेम्पोचा फाळका. काठी खालून निघून जाते आणि फाळका बसतो कपाळावर. टिकलीच्या वर टेंगूळ घेऊन कामावर गेलं की सगळे विचारणार, "कुठं पडलात?" अहो, मी पडत नाही!

म्हणून स्मार्टकेन घेतली. आयआयटी दिल्लीत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या गटानं घडवलेली, २०१४ साली बाजारात आलेली. काठी नेहमीचीच, घडीची. मुठीच्या जागी यंत्र. ते वटवाघळासारख्या ध्वनिलहरी सोडतं. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत काही आडवं आलं की मूठ थरथरते, आणि अडथळा जवळ येईल तशी थरथर बदलते. बाहेर ३ मीटरपर्यंत, घरात १.८, असे दोन टप्पे.

पहिला आठवडा वैतागले. मनगट जरा वळलं की यंत्र शेजारच्या भिंतीकडे तोंड करायचं आणि मूठ उगाच थरथरायची. भाच्याला अंगणात उभं केलं. तो गुपचूप सरकायचा, मी शोधायची. मग हात बसला. बसस्टॉपच्या गर्दीत तर चहूकडे माणसंच, तिथं मी घरातला टप्पा लावते, नाहीतर सरळ बंद करते. खड्डे आजही काठीच्या टोकानंच शोधायचे, ते यंत्राचं काम नाही. मोबाईलचा नकाशा "उजवीकडे वळा" म्हणतो खरा, पण वळल्यावर समोर काय उभं आहे ते कुठं सांगतो?

परवा मूठ थरथरली. थांबले, हात पुढे केला. आधी थंडगार साखळी लागली, मग लाकडाची खरखरीत कड, बरोबर भुवयांच्या उंचीला. टेम्पोवाला धावत आला. "ताई, काठी तर लागली नाही, कळलं कसं?" मी मूठ त्याच्या हातात दिली आणि भिंतीकडे वळवली. तो दचकलाच. मग म्हणाला, "हे रिव्हर्स घेताना गाडीला मागं बसवता येईल का हो?"

म्हटलं, आधी फुटपाथवरून गाडी काढ, मग सांगते.