माणग्याची लाठी: पावसाळा ते उन्हाळा, साताऱ्यातल्या वापरानंतर

वस्तू: सिंधुदुर्गाकडच्या माणगा बांबूची पाच फुटी लाठी, विनापॉलिश. वापर: साताऱ्यात, मोकळ्या मैदानावर, लाठीकाठीच्या नेहमीच्या सरावासाठी. निकाल आधीच सांगून टाकतो. शिकायला याहून चांगली काठी नाही. पण दुकानातून आणली आणि तशीच फिरवायला घेतली, तर पुढचा मे महिना तिला झेपत नाही.

निवडताना घाई करू नका. उंची कानाच्या पाळीपर्यंत. साडेपाच फुटी माणसाला साधारण पाच फूट. जाडी एक इंचाच्या आसपास, म्हणजे मुठीत धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. बुंध्याकडचं टोक बघा: माणगा भरीव असतो, मध्ये भोक असलंच तर पेन्सिलीएवढं चालेल, करंगळी शिरत असेल तर परत ठेवा. मग काठी फरशीवर लोटा. सरळ असेल तर एकसारखी घरंगळते, बाक असेल तर गचके खाते. शेवटी सरळ किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा. या मापाची वाळलेली लाठी ५०० ते ६०० ग्रॅम भरते. ८०० दाखवत असेल तर ती ओली आहे, आणि ओली काठी घरी वाळताना तडकणार किंवा वाकणार. बारीक भोकं आणि त्याखाली पिवळसर पीठ दिसलं तर भुंग्याने घर केलंय. अशी काठी फुकट मिळाली तरी घरात आणू नका, शेजारचा बांबूही जाईल. बांबूतल्या पिष्टावर हा किडा जगतो. म्हणून तीन वर्षांच्या पुढचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला बांबू विचारून घ्यायचा.

आता खरं काम. काठीवर जागोजागी गाठी असतात, त्यांच्या कडा कानशीने मोडायच्या, मग ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर याच क्रमाने. घासायचं फक्त गाठींवर. मधल्या भागाची चकचकीत साल खरवडून काठी ‘गुळगुळीत’ करण्याचा मोह अनेकांना होतो आणि तिथेच काठी मरते, कारण बांबूची ताकद त्या वरच्या दाट तंतूंत असते. साल गेली की दोन महिन्यांत हातात बारीक कुसळं शिरायला लागतात. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच सुती दोरा घट्ट गुंडाळून त्यावर फेव्हिकॉल. चीर बहुतेकदा टोकापासूनच सुरू होते. पितळी शेंबी (टोकावर बसवायची टोपी) दिसायला झकास, पण जोडीदाराबरोबरच्या सरावात नको. टोकाचं वजन वाढतं, फिरकीचा तोल बिघडतो आणि चुकून लागली तर हाड सुजतं.

तेल जवसाचंच. खोबरेल वाळत नाही, हात घसरतो आणि पुढे खवट वास येतो. मोहरीचं चिकट राहतं, धूळ धरतं. जवसाचा पातळ हात द्यायचा, पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून घ्यायचं, तीन-चार दिवस वाळू द्यायचं, असे तीन हात. पावसाळी हवेत वाळायला याच्या दुप्पट वेळ लागतो. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि तो बोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

जिल्हा एकच, पण हवा एक नाही. महाबळेश्वराकडे वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस, माण-दहिवडीकडे ५०० च्या आसपास, आणि सातारा शहर मधे. जुलैत काठीवर पांढुरकी बुरशी धरते. कोरड्या कापडाने पुसून वाऱ्यावर ठेवली की भागतं. भिंतीला तिरकी टेकवून ठेवली तर मात्र महिन्या-दोन महिन्यांत धनुकली. टोकाला दोरी बांधून उभी टांगा, नाहीतर तीन खुंट्यांवर आडवी ठेवा. थोडा बाक आलाच तर तेवढा भाग मंद आचेवर फिरवत तापवायचा, सालीला घाम आल्यासारखी चमक दिसली की गुडघ्यावर उलट्या बाजूने जरासा जास्त दाबायचा आणि ओल्या फडक्याने थंड होईपर्यंत तसाच धरायचा. एका जागी आच लागली तर साल काळी पडते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवलेली काठी मधोमध चिरते.

हातातला अनुभव. पॉलीकार्बोनेटची भरीव काठी याच मापात ९०० ग्रॅमच्या आसपास जाते. तिला ना तेल ना भुंगा, पण नवशिक्याच्या मनगटाला ती लवकर दमवते आणि काठीवर काठी आदळली की झणका कोपरापर्यंत पोचतो. माणगा तो झणका बराचसा पितो. तरीही कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर दोष काठीचा नाही, मुठीचा. फिरकीत काठी अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत खेळली पाहिजे, बाकीची दोन फक्त सोबतीला. घाबरलं की मूठ आवळते, मूठ आवळली की फिरकी अडते. मनाची तयारी म्हणतात ती इथे उघडी पडते, आरोळ्या ठोकण्यात नाही. नजर काठीच्या टोकावर नको, समोरच्याच्या छातीवर. आणि जागा: हात अधिक काठी धरून सात फुटांचा घेर, म्हणजे चौदा-पंधरा फुटी मोकळं वर्तुळ. गच्चीवर वायरी बघून घ्या.

स्वसंरक्षणासाठी म्हणून घेत असाल तर अपेक्षा बेतात ठेवा. अरुंद बोळात फिरकी निरुपयोगी, तिथे दोन्ही हातांनी धरून सरळ ढोसणंच चालतं. एसटीत काठी सोबत नसतेच. उपयोगी पडतं ते अंतर राखणं आणि पवित्र्यातले पाय. कायद्याचंही माहीत असावं. भारतीय न्याय संहितेत (लागू १ जुलै २०२४) कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, आणि कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. पडलेल्या माणसावर दुसरा वार बचावात बसवणं अवघड. योगायोगाने दुसरं ३७ ही लक्षात ठेवा: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतो तेव्हा लाठी बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. सण-निवडणुकांच्या दिवसांत मैदानावर जाण्याआधी आदेश बघा, आणि वर्गाच्या काठ्या मैदानाजवळच ठेवायची सोय करा.

कधी टाकायची? बोटाच्या पेराने ठोकत जा. धड काठी ‘टक’ वाजते, तडा गेलेली ‘फट’ अशी बसकी. तड्यावर चिकटपट्टी गुंडाळून सराव रेटणारे बरेच दिसतात. वार बसताना तीच चीर भाल्यासारखी उघडते, तेव्हा नकोच. दोन-तीनशे रुपयांच्या काठीसाठी कुणाचा डोळा पणाला लावू नये. तडा एकाच टोकाला असेल तर त्याच्या पलीकडच्या गाठीनंतर बारीक दातांच्या करवतीने कापा, नव्या टोकाला दोरा गुंडाळा, आणि जवळच्या लढतीच्या सरावाला अडीच फुटी आखूड काठी निघते.