मढे घाटात गाडी अडकली आणि टोइंगच्या नावाखाली २४,७९६ रुपये गेले

आधी आकडे सांगतो, कारण किती गेले हाच पहिला प्रश्न सगळे विचारतात. ४९९, मग ३,५००, मग २,२००, मग ६,१९९ आणि शेवटी १२,३९८. एकूण २४,७९६ रुपये. दुपारी २:४० ते ३:५५, सव्वा तासात. आणि ज्या बिघाडापायी हे झालं तो दोन दिवसांनी गॅरेजमध्ये १,४५० रुपयात नीट झाला, ८५० चा क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि ६०० मजुरी. बायको म्हणाली जगजाहीर कशाला करतोस, लोकं हसतील. हसू देत. पण पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी शेकडो गाड्या तिकडे जातात आणि त्यातल्या कोणाची तरी अशीच बंद पडणार आहे, म्हणून लिहितोय.

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार. आमचा पाच दिवसांचा गणपती झालेला, पाहुणे गेलेले, बाबांना कितीतरी वर्षं पुणे जिल्ह्यातला मढे घाट बघायचा होता, तानाजी मालुसऱ्यांचा देह त्या वाटेने उमरठला नेला असं सांगतात ना, ते त्यांच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. म्हणून मी, बाबा आणि माझा तेरा वर्षांचा भाचा असे तिघं सकाळी जिप्सी घेऊन निघालो. नसरापूर फाट्यावरून आत, वेल्हे, पासली, भट्टी, केळद. गाडी २०१३ ची, सेकंड हँड घेतलेली, पण मी तिला जपतो, दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलतो, त्यामुळे 'भंगार गाडी घेऊन जायचंच कशाला' हे कृपया कोणी लिहू नका.

केळदच्या पुढे डांबरी सोडून एका चिखलाच्या वाटेला लागलो. दगड ओले, उजवीकडे ओढा. एका चढाला मागची चाकं घसरली, मी जरा जास्त रेस दिली आणि खालून खाडकन आवाज आला. मग इंजिन फिरतंय, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलत नाही. खाली वाकून बघितलं तर मागच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या दांड्याचा, क्रॉस तुटलेला आणि शाफ्टचं मागचं टोक खाली लोंबतंय. मी फोर बाय फोर (पुढच्या चाकांनाही ताकद) टाकून बघितलं, गाडी पुढे सरकली सुद्धा, पण तो लोंबता शाफ्ट गरगर फिरून धडाधड खाली आपटायला लागला, वाटलं आता पेट्रोलच्या टाकीवर बसतो का काय, म्हणून घाबरून बंद केली. माझ्याकडे हत्यारं म्हणजे जॅक, टॉमी आणि चाकाचा पाना. एवढंच.

बाबा तेव्हाच म्हणाले, "अरे मागे घरं दिसली होती, चालत जाऊ, गावात कोणीतरी असेल की." मी ऐकलं नाही. आता कारण सांगतो, पटलं तर बघा. बाबा ७१ वर्षांचे, शुगर आहे, जेवण टळून गेलेलं, पाऊस चालू, बरोबर दुसऱ्याचं पोर. मला वाटलं ह्यांना चिखलातून चालवण्यापेक्षा क्रेन बोलवावी आणि मोकळं व्हावं. माझ्या सिमला तिथे रेंज नव्हती. मीच एकटा वर वळणापर्यंत चढलो, तिथे एक दांडी मिळाली, आणि सर्चमध्ये वेल्हे टोइंग असं टाकलं. पहिलाच रिझल्ट, चोवीस तास सेवा, भरपूर स्टार, क्रेनचा फोटो. लावला फोन.

आता हे नीट वाचा. त्या माणसाने मला काय विचारलं? नाव विचारलं. व्हॉट्सॲप नंबर विचारला. लोकेशन टाका म्हणाला आणि मी लोकेशन टाकायच्या आधीच सांगून मोकळा, "सर गाडी नसरापूर में खडी है, पैंतालीस मिनट में पहुँचेगी." नसरापूरहून केळदला घाटरस्त्याने पावसात दीड तास कमीत कमी लागतो. मी स्वतः सकाळी त्याच रस्त्याने आलेलो! मला माहीत होतं ना, तरी मी म्हणालो बरं. खरा क्रेनवाला पहिल्यांदा विचारतो की गाडी कुठली, रोडवर आहे का खड्ड्यात, चाकं फिरतात का, स्टेअरिंग वळतंय का, आमची गाडी तिथपर्यंत येईल का, आणि ओढून न्यायची का वर घ्यायची. ह्याने गाडी कुठली हे सुद्धा विचारलं नाही. तुम्ही त्याच्याकडे क्रेन मागताय आणि तो गाडी कुठली हे विचारत नाही, ह्याचा अर्थ त्याच्याकडे क्रेनच नाही. हे मला आज कळतं, झोपेत सुद्धा कळतं, तेव्हा पावसात उभा असताना नाही कळलं.

बुकिंग ४९९ म्हणाला, यूपीआय नंबर पाठवला. पैसे टाकताना नाव आलं ते कुठल्यातरी बाईंचं. मी विचारलंसुद्धा, हे नाव कोणाचं? "सर वो अकाउंट्सवाली मॅडम है." झालं माझं समाधान. मग ॲडव्हान्स ३,५००, 'फुल रिफंडेबल'. मग दुसऱ्या नंबरवरून ड्रायव्हरचा फोन, मार्गासनीला पोचलोय, घाटाचा वेगळा चार्ज, डिझेल, २,२००. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते म्हणून मला खरंच वाटलं की माणूस रस्त्यावर आहे. ते पण टाकले.

नंतर अर्धा तास काही नाही. मग पहिल्या माणसाचा फोन, आवाज एकदम गयावया केल्यासारखा, गणपतीमुळे पोलिसांनी गाडी अडवली, येऊ शकत नाही, सॉरी सर, तुमचे ६,१९९ लगेच रिफंड करतो, एक एंट्री येईल ती ॲप्रूव्ह करा.

ह्या जागेवर मी रोज रात्री परत जातो. फोन सहा टक्क्यांवर. काचेवर पाण्याचे थेंब, बोट लावलं की भलतीकडेच टच होतोय, शर्टाने पुसतोय तर शर्टही ओला. रिक्वेस्ट आली, रक्कम ६,१९९, खाली लिहिलेलं रिफंड, आणि नाव त्याच बाईंचं. रक्कम अगदी बरोब्बर माझीच, त्यामुळे डोळ्यांना ती ओळखीची वाटली. मग पिनचे सहा चौकोन आले. मी पिन टाकला. पंधरा वर्षं एका कंपनीत हिशोब बघतोय, ऑफिसमधल्या लोकांना मी स्वतः सांगितलेलं आहे की पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे जायला लागतो. आणि मी पिन टाकला.

मेसेज आला, डेबिट. मी ओरडलो त्याच्यावर. तो इतका शांतपणे म्हणाला की सर एंट्री उलटी पडली, आता दोन्ही मिळून १२,३९८ एकदम परत येतील, जल्दी करो सर बॅच बंद हो जाएगा. मी दुसऱ्यांदा पिन टाकला. पहिल्यांदाचं समजू शकतो, दुसऱ्यांदाचं माझं मलाच समजत नाही. एवढंच सांगतो की गेलेले पैसे परत मिळतील ह्या आशेवर माणूस जेवढा आंधळा होतो तेवढा दुसऱ्या कशानेच होत नाही, आणि ह्या लोकांचा धंदा त्या दोन मिनिटांवरच चालतो. नंतर फोन बंद.

खाली आलो तर बाबा गाडीत नाहीत! ते आणि भाचा चालत जाऊन गावातून एका माणसाला घेऊन येत होते. तो पूर्वी वेल्ह्याकडे वडाप चालवायचा. त्याने खाली एक नजर टाकली आणि म्हणाला, "पाव्हणं, ह्यो शाफ काढून टाका की. चार बोल्ट हायेत. पुढच्या चाकांचं हब लॉक करा, फोर बाय फोर टाका, पुढच्या चाकांवर जातीय की गाडी." रिंग पाना त्याने आणलेलाच होता. चिखलात उताणा पडून वीस मिनिटांत शाफ्ट काढून मागच्या सीटखाली टाकला. पैसे नको म्हणत होता, मी जबरदस्तीने ५०० खिशात कोंबले. ३० च्या स्पीडने पुढच्या दोन चाकांवर गाडी घरी आली, साडेआठला. बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

जिप्सी किंवा तसली जुनी फोर बाय फोर असेल तर एक रिंग पान्यांचा सेट आणि एक जादा क्रॉस गाडीत ठेवा. हजार-दीड हजाराचं काम आहे.

आता पुढचं ऐका, चोरापेक्षा जास्त संताप मला ह्याचा येतो. बॅटरी संपलेली, रेंज नाही, त्यामुळे बँकेला पहिला फोन वेल्ह्यात चहाच्या टपरीवर चार्जिंगला लावून केला. हे दाबा, ते दाबा, कार्डाचे शेवटचे आकडे टाका, अकरा मिनिटं गाणं ऐकवलं आणि कट. दुसऱ्यांदा लागला तर ती बाई म्हणते, पिन तुम्ही स्वतः टाकलाय ना सर, मग हा फ्रॉड नाही, ऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन आहे. अहो मग समोरचं खातं तरी गोठवा! ते आमच्या हातात नाही. तक्रार नंबर द्या म्हटलं तर शाखेत जा. शाखेत कसं जाणार, दुसरा शनिवार, बँक बंद, उद्या रविवार. ह्या लोकांना कुठला दिवस निवडायचा ते बरोबर कळतं.

वाटेतल्या पोलीस ठाण्यात थांबलो. दोन जण होते, बाकी सगळे बंदोबस्ताला. तुम्ही राहता कुठे? पुण्यात. मग पुण्यात द्या तक्रार. रविवारी घराजवळच्या ठाण्यात गेलो तर साहेब म्हणतात घटना तिकडे घडली, तिकडे जा. मी म्हटलं साहेब, १ जुलैपासून नवीन कायदा लागू झालाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ कलम, हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायची. तर उत्तर काय, विसर्जन होऊ दे, मग बघू. विसर्जन झालं. मग ज्यांच्याकडे द्यायचं ते साहेब रजेवर. चौथ्या फेरीला साधा अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारायलाही मला तीनदा म्हणावं लागलं, आणि वर एक हवालदार सगळ्यांसमोर विचारतो, शिकलेले दिसता, मग पिन का टाकला? ह्याचं उत्तर मी का देऊ? चोरी झालेल्या माणसाला कोणी विचारतं का, दार का उघडलं? चार फेऱ्या, दोन सुट्ट्या, पार्किंगचे पैसे वेगळे, आणि एफआयआरचा आजपर्यंत पत्ता नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, मी रात्री ९:४० ला फोन केला, घरी येऊन, जेवून, बाबांना गोळ्या देऊन. पावणेसहा तास उशीर. ही माझी चूक, कोणाच्या माथी मारत नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात काही मिनिटांत फिरवतात, त्यामुळे १९३० ला फोन पहिल्या तासात, रस्त्यावरून, चिखलातून, दुसऱ्याच्या मोबाइलवरून का होईना, पण तेव्हाच करायचा. बारा आकडी यूटीआर नंबर (पैसे गेल्याच्या नोंदीचा नंबर) हाताशी ठेवा, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा असतो. माझ्या तक्रारीनंतर खातं होल्ड झालं तेव्हा त्यात ६११ रुपये उरले होते, आणि ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

बँक उघडल्यावर शाखेत गेलो, लेखी दिलं, पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय हलू नका. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं, त्यात ग्राहकाच्या चुकीने गेलेले पैसे कळवण्याच्या क्षणापर्यंत ग्राहकाचे, पण कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून कधी कळवलं ह्याचा पुरावा लागतो, आणि माझ्या त्या अकरा मिनिटांच्या फोनचा पुरावा फक्त माझ्या कॉल लॉगमध्ये आहे. कॉल लॉग, चॅट, काहीही डिलीट करू नका, राग आला तरी. तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. मी केली आहे.

आणि त्याच रात्री इन्शुरन्सची पॉलिसी काढून बघितली तर तिसऱ्या पानावर रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे वाटेत गाडी बंद पडली तर मदत. मी त्याचे ११८ रुपये भरलेले होते. टोल फ्री नंबर छापलेला होता. कच्च्या वाटेवर ते आले असते की नाही देव जाणे, अटी असतात, पण निदान नंबर खरा होता. तुमची पॉलिसी आज उघडा, तो नंबर फोनमध्ये सेव्ह करा आणि कागदावर लिहून डॅशबोर्डमध्ये टाका. आत शिरायच्या आधी शेवटच्या पेट्रोल पंपावर क्रेनवाल्याचा, गॅरेजवाल्याचा नंबर विचारून घ्या, ते प्रत्यक्ष ओळखतात. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ ही हेल्पलाइन. सर्चमध्ये आलेल्या नंबरला एक रुपयाही आधी द्यायचा नाही, गाडी समोर उभी राहिली की मग.

अजून एक. दहा-बारा दिवसांनी मला फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे २४,७९६ रिकव्हर झालेत, प्रोसेसिंग १,५०० भरा." आकडा अगदी बरोबर. माझा हात थरथरत होता. ठेवून दिला फोन. आकडा त्यांना कसा कळला ह्याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही, ठाण्यात विचारलं तर म्हणाले तुम्हीच कोणाला तरी सांगितलं असेल.

परवा परत सर्च करून बघितलं. तोच क्रेनचा फोटो, तोच फोन नंबर, फक्त ह्यावेळी नाव ताम्हिणी टोइंग. मी रिपोर्ट केलंय, स्क्रीनशॉट काढून ठाण्यात दिलाय. अर्जाला जोडून ठेवतो म्हणाले.