शाळेचे गुणांचे पोर्टल: आकडा लगेच दिसतो, हिशेब शोधावा लागतो

कॅलिफोर्नियातील आमच्या सरकारी हायस्कूलमध्ये मुलांचे गुण पालकांना एका ऑनलाइन पोर्टलवर दिसतात. माझी मुलगी दहावीत असून गेले दीड वर्ष मी हे पोर्टल जवळजवळ रोज उघडते. आपण वाढलो ते बोर्डाच्या परीक्षेत, जिथे पेपर तपासणारा अनोळखी असे आणि निकाल एकदाच लागे. येथे मात्र ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतचा प्रत्येक गृहपाठ, प्रयोग आणि चाचणी यांतून सत्राची श्रेणी थोडीथोडी घडत जाते आणि तीच ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, कायमची नोंदली जाते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जीपीए, म्हणजे श्रेणींच्या अंकांची सरासरी (एला चार, बीला तीन), काढताना प्रामुख्याने दहावी-अकरावीच्या श्रेणी धरते आणि त्यांतले अधिक-उणे विचारात घेत नाही, म्हणजे ८९ (बी) आणि ९० (ए) यांच्यामधला एक गुण तिथे तीन आणि चार यांच्यामधले अंतर होतो. म्हणून हा आकडा कसा तयार होतो, हे पालकांना समजलेच पाहिजे.

पोर्टलचा वेग उत्तम आहे. चाचणीचे गुण बहुधा दोन-तीन दिवसांत दिसतात, राहून गेलेले काम लाल अक्षरांत ठळक होते आणि त्याच पानावरून शिक्षकांना निरोप पाठवता येतो. मूल मागे पडते आहे हे सत्र संपल्यावर नव्हे, तर वेळेत कळते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

पण सत्राच्या दुसऱ्याच आठवड्यात रसायनशास्त्रापुढे ७० टक्के, म्हणजे उणे सी, अशी श्रेणी झळकली आणि मुलगी त्या रात्री नीट जेवली नाही. दहा गुणांच्या एका छोट्या चाचणीत तिला सात मिळाले होते, एवढेच कारण होते. परीक्षा, प्रयोग, गृहपाठ अशा प्रत्येक विभागाला ठरावीक भारांश, म्हणजे एकूण श्रेणीतला टक्क्यांचा वाटा, असतो. ज्या विभागात अजून एकही नोंद नाही, त्याचा भारांश पोर्टल उरलेल्या विभागांत वाटून टाकते, आणि त्यामुळे त्या एकाच चाचणीवर संपूर्ण श्रेणी उभी होती. ही गोष्ट पडद्यावर कुठेही लिहिलेली नाही.

भारांशही तिथे दिसत नाहीत. ते ऑगस्टमध्ये प्रत्येक शिक्षकाने दिलेल्या अभ्यासक्रमाच्या पत्रकात असतात, आणि एकाच शाळेत एकच विषय शिकवणाऱ्या दोन शिक्षकांचे भारांश वेगळे असू शकतात. परीक्षांत ८४, प्रयोगांत ९६, गृहपाठात ९८ आणि सत्रान्त परीक्षेत ८६ मिळवणारी एक विद्यार्थिनी घ्या. ६०, १५, ५ आणि २० टक्के या भारांशांनी तिचे ८६.९ होतात, म्हणजे बी. ३५, २५, २५ आणि १५ टक्के या भारांशांनी ९०.८ होतात, म्हणजे ए. अभ्यास तोच आणि उत्तरेही तीच असताना केवळ वेळापत्रकात कोणाचा वर्ग वाट्याला आला यावर श्रेणी ठरावी, हे मला न्याय्य वाटत नाही. परीक्षांना जास्त वजन द्यावे की रोजच्या कामाला, यावर मतभेद असू शकतात, पण एका शाळेत एका विषयाचे उत्तर एकच असायला हवे.

शून्याचाही प्रश्न आहे. चार कामांत प्रत्येकी ९० मिळाले आणि पाचवे देताच आले नाही, तर सरासरी थेट ७२ वर येते. मुलगी तापाने आजारी असताना तिचा प्रयोगाचा अहवाल राहिला होता आणि पोर्टलवर शून्य पडले. शिक्षकांनी नंतर अहवाल स्वीकारला, गुणही दिले. पण तोपर्यंतचे नऊ दिवस पडद्यावरचा आकडा तिला येत असलेल्या रसायनशास्त्राचा नव्हता, न दिलेल्या एका कागदाचा होता. काही शिक्षक अशा वेळी शून्याऐवजी ५० धरतात, त्याने सरासरी ८२ राहते. काम न करणाऱ्यालाही त्याचा फायदा मिळतो, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही एका चुकीची शिक्षा चार चांगल्या कामांना गिळून टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

दाद मागण्याची वाट अरुंद आहे. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यानुसार शिक्षकाने दिलेली श्रेणी अंतिम असते; लेखनिकी किंवा यांत्रिक चूक, फसवणूक, दुष्ट हेतू अथवा अकार्यक्षमता सिद्ध झाली तरच ती बदलता येते. भारांश अन्यायकारक वाटणे यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून अभ्यासक्रमाचे पत्रक पहिल्याच आठवड्यात छापून फ्रिजवर लावा आणि महिन्यातून एकदा मुलांसोबत बसून हिशेब स्वतः करा. आम्ही असे करू लागल्यापासून मुलगी ‘किती मिळाले’ याआधी ‘हे कशात धरले’ असे विचारते.

वेगासाठी पाचपैकी पाच तारे, स्पष्टतेसाठी दोन. प्रत्येक विभागापुढे त्याचा भारांश छापावा आणि नोंदी अपुऱ्या असतील तोवर श्रेणीचे अक्षर दाखवू नये, अशी लेखी विनंती मी शाळेला केली आहे. दुसऱ्या सत्रात पहिली सुधारणा झाली, तर यात आणखी एक तारा आनंदाने जोडेन.