दिल्लीचं रेल म्युझियम: जॉय ट्रेन ठीक आहे, पण एका रुळाची गाडी चुकवू नका

दिल्लीला जाणाऱ्याला सगळे लाल किल्ला, चाट आणि सरोजिनी मार्केट एवढंच सांगतात, पण घरात कुणी रेल्वेवेडं असेल तर चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल संग्रहालय अजिबात सोडू नका. १९७७ पासून आहे, आणि मोठी इंजिनं-डबे सगळे बाहेर मोकळ्यावर उभे.

आत शिरलं की पोरं आधी जॉय ट्रेनकडेच ओढणार. बसा की, चक्कर मारून आणते आणि काय कुठे उभंय ते कळतं. पण नंतर परत पायी फिराच, कारण गाडीतून नुसती इंजिनं दिसतात, खालचा रूळ कोण बघतंय! गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर: ब्रॉडगेज १६७६ मिमी, मीटरगेज १०००, नॅरोगेज ७६२ आणि ६१०, हे आकडे शाळेत पाठ केलेले असतात पण माथेरानच्या गाडीचा ६१० चा रूळ बघून लगेच ब्रॉडगेजपाशी जाऊन उभं राहिलं की फरक डोक्यात शिरतो.

आता खरा माल. पतियाळा स्टेट मोनोरेल, म्हणजे पंजाबातल्या पतियाळा संस्थानाची एका रुळाची गाडी. रस्त्याच्या कडेला एकच रूळ, बहुतेक सगळं वजन त्याच्यावर, आणि तोल जाऊ नये म्हणून एका बाजूला भलंमोठं चाक, ते चक्क रस्त्यावरून चालायचं. १९०७ ला सुरू झाली तेव्हा महाराजांच्या लष्कराची खेचरं होती ना, ती जुंपायचे, वाफेची इंजिनं नंतर जर्मनीहून मागवली. १९२७ ला बंद पडली आणि मग सगळे विसरलेच, १९६२ मध्ये माइक सॅटो नावाच्या इंग्रज रेल्वेवेड्याला तिचे अवशेष सापडले आणि अमृतसरच्या वर्कशॉपात एक इंजिन परत चालतं केलं. ते मोठं चाक खाली वाकून जवळून बघा, हे प्रकरण पडत कसं नव्हतं ते तेव्हा कळतं.

आपल्याकडची मंडळीपण आहेत बरं का. माथेरानचं ७३८ नंबरचं इंजिन इथे आहे, आणि गंमत म्हणजे तेही ओरेनस्टाइन अँड कोपेलचंच, मोनोरेलवाल्याच कंपनीचं, आणि माथेरानची लाइनपण १९०७ चीच. जीआयपीचं (ब्रिटिश काळातली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) 'सर रॉजर लमली' हे इलेक्ट्रिक इंजिनही आहे, याच जातीच्या इंजिनांनी सुरुवातीला डेक्कन क्वीन ओढली, त्यामुळे पुणेकरांनी फोटो काढणं कंपल्सरी 😄

प्रिन्स ऑफ वेल्सचा १८७५ चा सलून वगैरे राजेशाही डबे आहेत, छान आहेत, पण काचेतून किती वेळ बघणार.

सोमवारी बंद असतं. मे-जूनमध्ये जाऊ नका, लोखंडाच्या गर्दीत भाजून निघाल. आणि मोनोरेल रोज चालवत नाहीत, त्यामुळे तेवढ्यासाठीच जाणार असाल तर आधी चौकशी करा मगच रिक्षात बसा.