अंतऱ्यात गप्प राहणारी खंजेरी: चामडं, फायबर आणि प्लास्टिकचा आढावा

गावच्या गुरुदेव सेवा मंडळासाठी, म्हणजे तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणाऱ्या मंडळासाठी, एकच खंजेरी घ्यायची असेल तर शिसवाच्या किंवा सागवानाच्या कड्याची, बकरीच्या चामड्याची, सात ते आठ इंची आणि चकत्यांच्या चारच जोड्या असलेली घ्या. पावसाळ्यातले कार्यक्रम जास्त असतील तर नटबोल्टाची फायबर पुडी (पुडी म्हणजे कड्यावर ताणलेला, थाप झेलणारा पडदा) असलेली दुसरी खंजेरी ठेवा. प्लास्टिकच्या कड्याची खंजेरी लेकरांच्या हाती द्यायला ठीक आहे, भजनाला नाही.

आवाज कोणाचा मोठा, यावर हा कौल दिलेला नाही. मोठ्या आवाजाच्या हिशोबानं फायबरच जिंकते. इथं पाहिलं ते एवढंच, की खंजेरी वाजत असताना मंडपाच्या शेवटच्या सतरंजीवर बसलेल्या माणसाला गाण्यातला शब्द कळतो की नाही. तुकडोजी महाराजांचं भजन गाणार असाल तर दुसरी कसोटी लावण्यात अर्थ नाही. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या या माणसानं मराठीत आणि हिंदीत भजनं लिहिली ती खेड्यातल्या माणसाला जगणं समजावं म्हणून. दारू, हुंडा, अस्वच्छता, देवाच्या नावावरचा बाजार हे सगळं त्यांनी धृपदात आणि अंतऱ्यात बसवलं, आणि हातात घेतली ती खंजेरी. मृदंगाला साथीदार लागतो, पेटीला बैठक लागते. खंजेरी मात्र गाणाराच उभ्याउभ्या वाजवतो, म्हणून शब्द आणि ठेका एकाच माणसाच्या ताब्यात राहतो. या वाद्याचा खरा गुण हाच, आणि विकत घेताना नेमका तोच कोणी तपासत नाही.

शब्द कुठं हरवतो ते एका उदाहरणानं पाहू. ‘या झोपडीत माझ्या’ विदर्भात बहुतेकांना पाठ आहे. त्यात एका कडव्यात ओळीच्या शेवटी तिजोऱ्या, चोऱ्या, दोऱ्या असे तीन शब्द एकामागून एक येतात आणि मग ‘या झोपडीत माझ्या’ परत येतं. महालाला पहारा असून चोरी होते, झोपडीच्या दाराला दोरीसुद्धा नाही, हा सगळा विचार त्या तीन शब्दांवर तोललेला आहे. ओळ बारा मात्रांची. दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या ठेक्यात, बसवली तर दोन आवर्तनांत संपते, आणि ओळीचा शेवटचा शब्द पडतो नेमका तिथंच, जिथं नवशिका वाजवणारा समेची (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची) तयारी म्हणून खंजेरी जोरात हलवतो. पितळी चकत्यांचा आवाज उंच पट्टीचा असतो. माणसाच्या तोंडातले स, श, च, झ हे वर्णही त्याच उंच पट्टीत ऐकू येतात. चकत्या खणखणल्या की आधी हेच वर्ण बुडतात. ‘चोऱ्या’तला च गेला की ऐकणाऱ्याकडे नुसती ‘ओऱ्या’ पोचते. गाणं गोड लागतं, पण त्यातला माणूस काय सांगून गेला ते कळत नाही.

म्हणून खंजेरीत पहिल्यांदा पाहायच्या त्या चकत्या, पुडी नंतर.

दुकानात पाच-सहा जोड्यांची खंजेरी जास्त चमकते आणि जास्त खपते. भजनाला चार पुरतात, तीनही चालतात. चकती रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी, किंचित वाटीसारखी खोलगट आणि हाताला जाड लागणारी असावी. पातळ पत्र्याची सपाट चकती ‘चिर्र’ करते आणि तो आवाज लवकर थांबत नाही. पितळ खरं आहे का हे पाहायला खिशात लहानसं लोहचुंबक ठेवा. चकतीला ते चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. अशा चकत्या एका पावसाळ्यात गंजतात आणि गंजल्यावर आवाज खरखरीत होतो. चकत्या ज्या खिळ्यावर फिरतात तो कड्यात घट्ट हवा. बोटानं वरखाली हलवून पाहा. खिळ्याचं भोक आताच सैल असेल तर सहा महिन्यांत तो बाहेर येईल. आला तरी खंजेरी वाया जात नाही: थोडी जाड तार घेऊन आरपार घाला आणि दोन्ही टोकं पक्कडीनं लाकडात दुमडा.

आवाज तरीही जास्त वाटला तर त्यावर अगदी स्वस्त इलाज आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापून त्याला भोक पाडा आणि जोडीतल्या दोन चकत्यांच्या मधे बसवा. चारपैकी दोन जोड्यांना हे केलं की खणखणाट निम्म्यावर येतो आणि ठेका तसाच राहतो. मंडळात म्हणणारे कमी आणि आवाज नाजूक असतील तर हे कराच.

आता कडं. शिसव जड आणि कणखर. त्याचा नाद भरीव लागतो, पण दोन तासांच्या भजनात डावं मनगट भरून येतं. सागवान त्याहून हलकं, वाळवीला दाद न देणारं, आणि आमच्या मते रोजच्या सामुदायिक प्रार्थनेनंतरच्या भजनाला सगळ्यात सोयीचं. आंब्याचं कडं स्वस्त मिळतं, पण त्याला कीड लवकर लागते. विकत घेण्याआधी कड्याच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोकं किंवा पिठासारखा भुसा दिसतो का ते पाहा. खोली दोन ते अडीच इंच पुरे. त्याहून खोल कडं घुमतं खूप, पण हातात फिरत नाही. कडं एका अखंड लाकडातून कोरलेलं आहे की पट्टी वाकवून जोडलेलं, हेही विचारा. जोडाचं असेल तर सांध्यावर अंगठा दाबून पाहा. ‘कर्र’ आवाज आला तर तो उन्हाळ्यात उघडेल.

चामड्याची पुडी बकरीचीच घ्यावी. कोणी घोरपडीचं चामडं आहे म्हणून जास्त दर सांगितला तर तिथून उठा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला पूर्ण संरक्षण आहे, आणि अहिंसा शिकवणाऱ्या भजनाला मारून आणलेलं चामडं शोभतही नाही. बकरीच्या पुडीत जाडी सगळीकडे सारखी हवी. खंजेरी उन्हाकडे धरून आतून पाहिली की जाड-पातळ डाग लगेच दिसतात. कडेला, जिथं चामडं चिकटवून बारीक खिळे मारलेले असतात, तिथं पातळ डाग असेल तर पहिली चीर तिथूनच जाते.

विदर्भाची हवा या पुडीची परीक्षाच घेते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की चामडं ताणून टणक होतं, आवाज ‘टण्’ असा चढतो आणि अशा वेळी जोरात थाप मारली तर पुडी फाटते. उपाय पाण्याचा. बोटं ओली करून पुडीच्या आतल्या बाजूला चार-पाच थेंब शिंपडा, बोटानं पसरवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग वाजवा. आवाज खाली येतो, भरीव होतो. घाई करून ओंजळभर पाणी लावलं तर पुडी लुळी पडते आणि अर्धा तास काही उपयोगाची राहत नाही. वरच्या बाजूला पाणी कधीच लावायचं नाही, तिथं बोटं घसरतात आणि चामडं मऊ होऊन झिजतं. टिनाच्या खोलीत, गाडीच्या काचेमागं किंवा मंडपात उन्हाच्या कवडशात खंजेरी ठेवू नका.

आषाढ-श्रावणात उलटं होतं. पुडी ओल धरते, थाप ‘भद्’ वाजते. मग शेकणं आलं. इथं बहुतेक खंजेऱ्या मरतात, कारण पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) जाळ हाताशी असतो आणि कोणीतरी सरळ ज्वाळेवर धरतं. पऱ्हाटी भडकते जोरात, चामडं कडेला आक्रसतं, खिळ्यापाशी फाटतं आणि मग ते परत ताणता येत नाही. जाळ विझू द्या, निखारे राहू द्या, हातभर अंतरावरून खंजेरी गोल फिरवत शेका. दोन ते चार मिनिटांत आवाज येतो. पिवळ्या उजेडाचा जुना बल्ब मिळाला तर त्याहून चांगला, कारण त्याची ऊब सारखी राहते. मधूनमधून थाप मारून पाहा आणि हवा त्या पट्टीच्या किंचित अलीकडेच थांबा. चामडं शेकून काढल्यावरही क्षणभर चढत राहतं.

फायबरची पुडी या सगळ्या कटकटीतून सोडवते. ऊन असो की झड, आवाज तोच. बोल्ट पाच ते आठ असतात. पान्यानं एक बोल्ट पाव फेरा फिरवला की त्याच्या समोरचा फिरवा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. एका बाजूनं ओळीनं आवळत गेलात तर पुडी दाबून धरणारी कडी वाकडी बसते आणि पुडीला सुरकुती पडते. प्रत्येक बोल्टापाशी बोटानं हलकं वाजवून सगळीकडे एकच सूर येतो का पाहा. नट सैल झाला तर तो चकतीसारखा खुळखुळतो आणि दोष कुठं आहे ते सापडत नाही, म्हणून महिन्यातून एकदा हात फिरवा आणि आट्यांना खोबरेल तेलाचं बोट लावा.

पण फायबरमध्ये एक मोठा दोष आहे, तो लपवून चालणार नाही. थाप पडल्यावर तिचा नाद लांबत जातो. चामडं थाप घेतं आणि सोडून देतं, फायबर धरून ठेवतं. अंतऱ्यातल्या दोन शब्दांमधली मोकळी जागा त्या नादानं भरून जाते, आणि माइक जवळ असेल तर शिटी वाजते. पुडीच्या आतून, कडेपासून दोन बोटं सोडून, कापडी चिकटपट्टीचा दोन इंची तुकडा लावा. नाद बराच आवरतो. तरी चामड्याचा कोरडा, छोटा ठोका फायबरला येत नाही. वारंवार वाजवणाऱ्याच्या कानाला हा फरक कायम जाणवतो.

एक माइक असलेल्या मंडळांनी आणखी थोडं लक्ष द्यावं. गाणाराच वाजवत असेल तर खंजेरी तोंडासमोर न धरता छातीच्या खाली, डाव्या कुशीकडे धरावी. माइकपासून दीड-दोन फूट दूर, आणि पुडीचं तोंड माइककडे न करता कडेची बाजू करावी. चकत्या टोचतात म्हणून साउंडवाला उंच आवाजाचं बटण खाली करतो. त्यानं चकत्या दबतात खऱ्या, पण गाणाऱ्याचे स आणि च सुद्धा त्यांच्यासोबत जातात. बटणाला हात न लावता खंजेरी दूर न्या.

वाजवण्याची पद्धतही याच विचारातून ठरते. धृपद सगळे मिळून म्हणतात, ते सगळ्यांना पाठ असतं, तिथं चकत्या मोकळ्या सोडा. अंतरा एकटा म्हणतो आणि नवा विचार तिथं येतो. अंतऱ्यात डाव्या हाताची पकड घट्ट करून खंजेरी स्थिर ठेवा, हलवू नका. उजव्या हाताच्या बोटांनी मधोमध हलकी थाप, बस. केहरवा असेल तर आठ मात्रांत पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर एवढं पुरतं. डाव्या हाताची बोटं पुडीच्या कडेला दाबून आवाज वरखाली करता येतो, पण ती करामत धृपदात करा. शेवटचं कडवं, ज्यात ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा येते, तिथं लय वाढवायचा मोह असतो. कडवं पूर्ण म्हणून होऊ द्या, लय वाढवायची ती त्यानंतरच्या धृपदात. महाराजांनी लिहिलेल्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांतल्या ओव्या वाचताना तर खंजेरी खाली ठेवलेलीच बरी. ओवी सांगण्याच्या चालीत जाते, तिला ठेका लावला की वाचणारा अर्थ सोडून मात्रेमागं धावतो.

प्रबोधनकार सत्यपाल महाराजांची सप्तखंजेरी पाहून तरुण मुलं एकदम दोन-तीन खंजेऱ्या मागतात. त्यांच्या प्रबोधनात सात खंजेऱ्या वाजत असतानाही शब्द स्वच्छ ऐकू येतो, ती वर्षानुवर्षांची साधना आहे. सुरुवात एकीनंच करावी.

भजनाचं पुस्तक घेताना खिशात मावेल असं घेऊ नका. मंडपातल्या पिवळ्या उजेडात बारीक अक्षर वाचताना गाणारा मान खाली घालतो आणि शब्द सतरंजीत जातो. मोठ्या टायपाचं, शिवलेल्या बांधणीचं घ्या, उघडलं की सपाट राहील असं.

किमतीचं म्हणाल तर चामड्याची चांगली लाकडी खंजेरी साधारण पाचशे ते हजाराच्या आतबाहेर मिळते, नटबोल्टाची फायबर त्याच्या वर जाते. पुडी फाटली म्हणून खंजेरी टाकू नका. ढोलकी-तबल्याला पुडी चढवणारा कारागीर खंजेरीलाही चढवून देतो. चामडं ओलं असताना चढवलेलं असतं, म्हणून ते सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या आणि तोवर एकही थाप मारू नका.

अश्विनात मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात खरेदी करणार असाल तर सकाळी जा. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांच्या मौन श्रद्धांजलीसाठी लोटणारी गर्दी सुरू झाली की खंजेरी वाजवून पाहायला जागा मिळत नाही. सोबत एकाला न्या, त्याला वीस पावलं लांब, पाठ करून उभं करा. तुम्ही चकत्या हलवत तेच तिजोऱ्या, चोऱ्या, दोऱ्यांचं कडवं म्हणा आणि त्याला काय ऐकू आलं ते शब्द न् शब्द विचारा. तिन्ही शब्द त्यानं नीट सांगितले तर पैसे द्या. एखादा चुकला तर खंजेरी परत ठेवून दुसरी उचला.