'प्रोजेक्ट हेल मेरी' की 'ऑर्बिटल'?
अंतराळावरची एकच कादंबरी घ्यायची, तर कोणती? अँडी विअरची 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) जाडजूड, पण पानं भराभर उलटतात. स्मृती गेलेला नायक यानात जागा होतो आणि प्रयोग करत करत मंदावणाऱ्या सूर्यावर उपाय शोधतो. सगळी गोष्ट विज्ञानावरच चालते. माणसं मात्र वरवर रंगवलेली. विनोद तर कधी कधी अगदीच शाळकरी.

सामंथा हार्वीच्या 'ऑर्बिटल'ला २०२४चं बुकर मिळालं. सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती १६ फेऱ्या. घडत जवळजवळ काहीच नाही. पुस्तक लहानसं, तरी वेळ खातं, कारण वाक्यं पुन्हा वाचावीशी वाटतात.

झपाटून वाचायचं असेल तर विअर; भाषेत रमायचं असेल तर हार्वी. 'पुढे काय?' याशिवाय करमत नसेल, तर 'ऑर्बिटल'च्या वाटेला जाऊ नका.