शून्य वापराचे कोश : काउंटर रिपोर्टबरोबर दहा महिने

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ऑनलाइन संदर्भसंग्रह माझ्याकडे आहे : शब्दकोश, विश्वकोश, विषयवार हँडबुकं. वर्गणीचे पैसे पुरेनात, म्हणून दहा महिन्यांपूर्वी दर महिन्याला काउंटर रिपोर्ट, म्हणजे कुठला ग्रंथ किती वापरला गेला याचा प्रकाशकाने दिलेला अहवाल, उतरवून घ्यायला सुरुवात केली. ज्याचा वापर नाही ते सोडायचं, एवढाच तेव्हा हिशेब होता. रिपोर्ट अजूनही दर महिन्याला घेते, पण आता ते वेगळ्या कामासाठी वाचते.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळ्या प्रकाशकांनी वापर एकाच रीतीने मोजावा म्हणून काउंटरची नियमावली आहे. तिची पहिली आवृत्ती २००३ची, पाचवी आवृत्ती जानेवारी २०१९पासून आणि ५.१ ही आवृत्ती जानेवारी २०२५पासून लागू झाली. एकाच लिंकवर ३० सेकंदांच्या आत दोनदा क्लिक केलं तर ते एकच धरतात. ग्रंथाची नुसती माहिती पाहिली तरी ‘इन्व्हेस्टिगेशन’ होतं. मजकूर उघडला तर ‘रिक्वेस्ट’ही होते.

पहिले तीन महिने मी एकूण रिक्वेस्ट बघत होते, आणि तिथेच गल्लत होत होती. एखादा प्रकाशक विश्वकोश नोंदीनोंदीने देतो, दुसरा प्रकरणवार, तिसरा अख्खं पुस्तक एका पीडीएफमध्ये. त्यामुळे पहिल्याचा आकडा फुगतो आणि तिसरा ग्रंथ उगाच पडून असल्यासारखा दिसतो. ‘युनिक टायटल रिक्वेस्ट’ हा रकाना बघा. एका बैठकीत वाचकाने त्याच ग्रंथाच्या दहा नोंदी वाचल्या तरी तिथे एकच धरली जाते, म्हणून दोन प्रकाशकांचे ग्रंथ शेजारी ठेवून तुलना करता येते.

खरा धक्का चौथ्या महिन्यात बसला. सोडायच्या यादीत अगदी वर एक मोठा शब्दकोश होता, सलग शून्य वापर. त्याच आठवड्यात एम.ए.ची एक विद्यार्थिनी टेबलाशी आली. म्हणाली, “मॅडम, तालिकेत कोश दिसतो, पण उघडला की नुसतं प्रकाशकाचं पहिलं पान येतं. मग मी नाद सोडला.” तिच्या शेजारी बसून मी लिंक दाबली. मोठं चित्र, मध्ये शोधाची रिकामी चौकट, कोशाचं नाव कुठेच नाही. आमच्या तालिकेतल्या नोंदीत ८५६ क्रमांकाच्या फील्डमध्ये, म्हणजे ऑनलाइन पत्ता लिहायच्या जागी, जुना पत्ता होता. मधल्या काळात प्रकाशकाने प्लॅटफॉर्म बदलला होता आणि सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवले होते. आमचं लिंक तपासणारं साधन दर महिन्याला २०० हा कोड दाखवत होतं, म्हणजे सगळं ठीक. पान सापडत होतं ना! कोश सापडत नाही, हे त्या साधनाला कळणार कसं?

त्या दिवशी मी यादी बाजूला ठेवली. प्रकाशकाकडून त्यांच्या ग्रंथांची केबार्ट फाइल मागवली. टॅबने विभागलेली साधी मजकूर फाइल असते, त्यात प्रत्येक ग्रंथाचा आयएसबीएन आणि चालू पत्ता मिळतो. आयएसबीएनवर जुळवून आमच्या नोंदींतले पत्ते बदलले. दोन दुपारी गेल्या. पुढच्याच महिन्यात त्या कोशासमोरचं शून्य गेलं. एवढ्या लोकांना तो हवा होता आणि आपण तो बंद करायला निघालो होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी आधी ‘टीआर बी २’ हा काउंटर रिपोर्ट उघडते. वाचकाला कुठे अडवलं गेलं ते यात कळतं. ‘नो लायसन्स’ म्हणजे तो ग्रंथ आपल्या वर्गणीत नाही, तरी वाचकाने उघडायचा प्रयत्न केला. नव्या खरेदीसाठी याहून चांगली यादी मला आजवर मिळालेली नाही. ‘लिमिट एक्सीडेड’ म्हणजे एका वेळी ठरलेल्या वाचकांची मर्यादा भरली. एका हँडबुकाचा हा आकडा एका महिन्यात एकदम चढला. चौकशी केली तर पूर्ण वर्गाला तोच स्वाध्याय दिलेला, आणि परवाना एका वाचकाचा! वापराच्या रकान्यात हेच हँडबुक मध्यम दिसत होतं.

मात्र एक गोष्ट कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. घरून शोधयंत्रातून थेट प्रकाशकाच्या पानावर गेलेला, प्रॉक्सीतून (बाहेरून येणाऱ्याला संस्थेचा वाचक म्हणून आत सोडणाऱ्या ग्रंथालयाच्या वाटेने) न आलेला वाचक आपल्या संस्थेचा आहे हे तिकडे ओळखलंच जात नाही. त्याला पैसे मागणारं पान दिसतं, तो परत फिरतो, आणि आपल्या आकड्यांत त्याची नोंदही होत नाही. म्हणून विभागांच्या पानांवर आम्ही प्रॉक्सीच्याच लिंका द्यायला लागलो.

रिपोर्ट आपोआप ओढणारी सुशी ही सोय आहे, ती जिथे चालते तिथे वेळ वाचतो. ५.१मध्ये संदर्भग्रंथ हा वेगळा प्रकार धरला आहे, हे मला मनापासून आवडलं. इतकी वर्षं कोश इतर पुस्तकांच्या गर्दीत मोजले जात होते.

आता कुठलंही नाव सोडायच्या यादीत घालण्याआधी मी तो ग्रंथ तीनदा उघडते : ग्रंथालयातून, घरून प्रॉक्सीने आणि फोनवर. नुसतं पान उघडून थांबत नाही, एक नोंद शोधून शेवटपर्यंत वाचते. यादीत सदतीस नावं होती, त्यांपैकी बावीस तपासून झाली. नऊ ग्रंथांची वाट बिघडलेली निघाली.